मुरब्याची होडी आणि आकाशांतील यान

भर ओहोटींत मुरब्याहून खाडीपलीकडे सातपाटीस होडी न्यावयाची असतां तांडेल तिचें तोंड नीट सातपाटीकडे धरीत नाहीं. पाणी होडीस समुद्राकडे ओढणार, हें जाणून तो तें खाडीच्या वरच्या अंगास वळवितो. प्रवाहांतून कमींत कमी वेळांत जाण्यास सुकाणू कसें धरावें, हा प्रश्न १९३१ सालीं झर्मेलो या जर्मन गणितज्ञानें मांडला.

आकाशांत तो अधिकच बिकट होतो. २७ सप्टेंबर २००७ रोजीं अमेरिकेनें सोडलेलें ‘डॉन’ यान सुमारें १,२०० किलो वजनाचें. त्याच्या झेनॉन वायूच्या यंत्राचा रेटा मात्र तळहातावरील एका कागदाच्या वजनाएवढा! पण तो वर्षानुवर्षें चाले. आणि सूर्याच्या ओढीची दिशा व बळ हीं वाटेंत सारखीं बदलत. म्हणून उत्तर एका सूत्रांत सांपडत नाहीं. गणिती मग वाटेचे अनेक लहान तुकडे करितात व प्रत्येक तुकड्यांत रेट्याची दिशा अंदाजानें धरून गणकयंत्रावर यान चालवून पाहतात. पहिल्या खेपेस तें लक्ष्यापासून दूरच जातें. मग एकेक दिशा किंचित् बदलावयाची, चूक किती घटली तें पाहावयाचें, पुन्हां मोजावयाचें. (अंदाजानें वर्गमूळ काढणाऱ्या मुलास यांत नवल वाटूं नये.) चूक मिटविणाऱ्या वाटांपैकीं जिला वायू सर्वांत कमी लागतो ती निवडावयाची.

सप्टेंबर २०१४ मध्यें ‘सीरीस’ या बटुग्रहाकडे जातांना यानाचा रेटा सुमारें चार दिवस बंद पडला. भर ओहोटींत तांडेलाचे हात सुटले म्हणा ना! आखलेली वाट फुकट गेली. गणितज्ञांनीं उरलेल्या प्रवासाचे तुकडे नव्यानें मांडले, आणि ६ मार्च २०१५ रोजीं यान सीरीसभोंवतीं फिरूं लागलें.