पुत्राचे ऋण आणि पित्याचे कर्तव्य

देऊळगाव राजा परिसरातील एखादा कास्तकार कापूस, सोयाबीन विकून चार पैसे गाठीस बांधतो आणि सज्ञान पुत्र जुगारात सर्वस्व हरून धनकोस दारी आणतो. अशा वेळी शेत विकून पुत्रास सोडवावे, की कर्माचे फळ त्यास भोगू द्यावे? पैसे लावून खेळावयाच्या मोबाईलवरील खेळांवर संसदेने २०२५ मध्ये बंदी घातली. तथापि आधीच झालेले ऋण बंदीने फिटत नाही.

येथे लीळाचरित्राच्या एकांकातील भडोचची लीळा स्मरावी. हरिपाळदेव द्यूतात हरले. त्यांनी कमळाइसांजवळ अलंकार मागितले. त्यांनी ते दिले नाहीत. हरिपाळदेव उदास झाले. वृत्त कळताच पिता विशाळदेव प्रधान यांनी जिंकणाऱ्यांचे द्रव्य देवविले.

शंका : तर मग पित्याने पुत्राचे ऋण सदैव फेडावे, असे या लीळेवरून ठरते काय?

समाधान : ठरत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी हे परमेश्वरावतार; त्यांस कर्मबंध नाही. त्यांच्या क्रीडेचा आधार घेऊन जीवाने आपल्या व्यसनाचे समर्थन करू नये. या लीळेत पाहावयाचे ते असे की, द्रव्य चुकते झाले तरी उदासीनता सरली नाही. पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त झाले, गृहत्याग घडला आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. पित्याने ऋण वारले. उदासीनता वारणे त्याच्या हाती नव्हते.

जीवाचे तसेच आहे. द्रव्य दुसऱ्याने देता येते, कर्मफळ दुसऱ्याने भोगता येत नाही. म्हणून प्रथम प्राण राखावा. लज्जेने पुत्र जिवावर उदार होत असेल, तर हिशेब बाजूस ठेवून त्यास जवळ करावे. अहिंसेचे व्रत घरापासूनच पाळावयाचे असते. नंतर ऋणाचा विवेक करावा. १८७२ च्या करार कायद्याने पैजेच्या पैशाचा दावा न्यायालयात चालत नाही. तेव्हा सट्टेवाल्याच्या धाकाने शेत विकू नये. शेजाऱ्याचे हातउसने मात्र खरे देणे होय. ते बुडू नये म्हणून पित्याने शब्द द्यावा, परंतु फेड पुत्राच्या श्रमातून व्हावी.

पुत्राची चूक झाकून, त्यास खिन्नही होऊ न देणारी माया दयेसारखी दिसते. पण ती त्याच्या अनुतापाची वाट अडविते. अनुताप झालेल्या पुत्रासाठी मात्र घराचे दार उघडेच असावे.