ब्रँच लाइनचं इंजिन दुबळं असतं का?

प्रश्न : माझं लहानपण अकोल्यात गेलं. तिथून खांडव्याकडे मीटरगेजची गाडी जायची, तिला पुढे पुढे डिझेलचं इंजिन असे. आता मी पुण्यात घोरपडीजवळ राहते. डिझेल शेडकडून रात्री जी धडधड ऐकू येते, ती मला थेट अकोल्याची आठवण करून देते. तिथलं इंजिन दिसायलाही असंच होतं, फक्त अंगाने लहान. माझा मुलगा विचारतो, ‘आडमार्गाला दुबळं इंजिन द्यायचे का?’ शिवाय डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाला ‘डिझेल-इलेक्ट्रिक’ का म्हणतात, हेही त्याला हवं आहे.
– एक वाचक, घोरपडी, पुणे

उत्तर : तुमच्या कानांनी बरोबर ओळखलं. अकोल्याचं ते इंजिन बहुधा वायडीएम-४ होतं, आणि घोरपडीच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं नांदलेली डब्ल्यूडीएम-२ व तिच्या पुढच्या पिढीची इंजिनं ही त्याची सख्खी भावंडं.

आधी नावाचा उलगडा करू. पहिलं अक्षर रुळांचं : डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड आणि एन या नॅरोगेजच्या दोन जाती. दुसरं अक्षर डी, म्हणजे डिझेल. तिसरं कामाचं : एम म्हणजे प्रवासी गाडी आणि मालगाडी अशा दोन्ही कामांना चालणारं. शेवटचा आकडा त्या जातीचा क्रमांक. म्हणजे वायडीएम-४ आणि डब्ल्यूडीएम-२ यांचं काम एकच होतं, रूळ तेवढे वेगळे.

दोघांचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या ‘अल्को’ या कंपनीचा. वायडीएम-४ भारतात साठीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. १९६८ पासून ते वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात बनू लागलं. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, अल्कोने रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं, पण वाराणसीतलं काम पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं. या जातीची पाचशेहून अधिक इंजिनं झाली. १९७६ मध्ये वाराणसीहून पहिल्यांदा इंजिनांची निर्यात झाली, टांझानियाला, तीही याच जातीची. व्हिएतनाममध्येही ही इंजिनं गेली.

आता ‘डिझेल-इलेक्ट्रिक’चं. डिझेलचं इंजिन जागेवर उभं असतानाही मिनिटाला साधारण चारशे फेरे घेतच असतं, त्याहून सावकाश फिरवलं तर ते बंद पडतं. गाडीची चाकं मात्र शून्यापासून सुरू व्हायची असतात. ट्रकमध्ये ही अडचण क्लच आणि गिअर सोडवतात. पण पाठीमागे हजार टनांची गाडी असेल तर क्लच घासून जळून जाईल. म्हणून अशा रेल्वे इंजिनांत डिझेल इंजिन चाकांना थेट जोडतच नाहीत. ते फिरवतं जनरेटर, जनरेटर तयार करतो वीज, आणि ती वीज जाते प्रत्येक आसावर बसवलेल्या मोटारीला. या मोटारींचा गुण असा, की चाक थांबलेलं असताना त्यांचा ओढा सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका गाडी हलवताना. थोडक्यात, हे इंजिन म्हणजे स्वतःचं वीजघर पोटात घेऊन फिरणारं विजेचं इंजिन. ड्रायव्हर हँडल एकेक नॉच पुढे सरकवतो, तसं वीजघर जास्त जोराने चालतं. असे आठ नॉच असतात. नॉच वाढवला की क्षणभर काळ्या धुराचा लोट दिसतो, कारण डिझेल लगेच वाढतं आणि टर्बोची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणाऱ्या पंख्याची, हवा जरा मागून पोचते.

आता मुख्य मुद्दा, अंगाने लहान का? याचं उत्तर इंजिनात शोधू नका, रुळांत शोधा.

मेन लाइनवर सतत जड गाड्या धावतात, म्हणून तिथे जाड रूळ, दाट स्लीपर आणि भक्कम पूल परवडतात. ब्रँच लाइनवर दिवसाला मोजक्या गाड्या. तिथे हलके रूळ टाकले म्हणून तर ती लाइन मुळात होऊ शकली आणि आडगावचा कापूस बाजाराला लागला. अशा रुळांवर इंजिनाचं एकूण वजन जितकं महत्त्वाचं, त्याहून महत्त्वाचं ते एकेका आसावर किती पडतं हे. पालखीचा भार भोयांच्या खांद्यांवर वाटला जातो, तसंच हे. वायडीएम-४ चं वजन ७२ टन आणि आस सहा, म्हणजे एका आसावर १२ टन. डब्ल्यूडीएम-२ लाही आस सहाच, पण वजन सुमारे ११३ टन, म्हणजे एका आसावर जवळजवळ १९ टन. हा भार मीटरगेजच्या हलक्या रुळांवर टाकला असता तर रूळ वाकले असते, पुलांवर ताण आला असता. म्हणून एकाच घराण्याचं इंजिन दोन मापांत बांधलं गेलं.

ब्रँच लाइनची दुसरी गरज म्हणजे वळणं. अकोला-खांडवा मार्गावर मेळघाटात धूळघाटजवळ रूळ चढ चढण्यासाठी स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच वरून जात. तिथे लांबलचक, ताठ इंजिन उपयोगाचं नसतं. वायडीएम-४ चे सहा आस तीन-तीनच्या दोन बोगींत, म्हणजे चाकांच्या दोन चौकटींत, वाटलेले असतात आणि प्रत्येक बोगी स्वतंत्रपणे वळते. तिसरी गरज शेवटच्या स्टेशनची. वाफेच्या इंजिनाचं तोंड फिरवायला टर्नटेबल लागायचं, पाणी आणि कोळसा लागायचा. या इंजिनात ड्रायव्हरची केबिन अशी बसवलेली असते की दोन्ही दिशांना बघून चालवता येतं. टोकाच्या स्टेशनवर इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं आणि निघायचं.

ही गरज एकट्या भारताची नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने गव्हाच्या मुलखातल्या हलक्या ब्रँच लाइनींसाठी १९५९ पासून अल्कोच्याच आराखड्यावरची ‘४८ क्लास’ इंजिनं बांधून घेतली. १९७० पर्यंत ती १६५ झाली. त्यांच्याही पोटात याच घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. गव्हाची पोती असोत की कापसाच्या गाठी, हलक्या रुळांचा हिशेब सगळीकडे सारखाच.

पुण्यालाही मीटरगेज परकं नाही. मिरजेकडची लाइन एकोणिसाव्या शतकाअखेरीस मीटरगेज म्हणूनच पुण्यात आली आणि १९७१ च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत इथे दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. मिरजेची गाडी आज घोरपडीहून वळते, ती याच जुन्या वाटेने.

आता मुलाच्या ‘दुबळं’ या शब्दाकडे येऊ. त्याला कागद-पेन्सिल द्या आणि दोन भागाकार करायला सांगा. डब्ल्यूडीएम-२ ची ताकद २,६०० अश्वशक्ती, सिलिंडर १६. वायडीएम-४ ची ताकद सुमारे १,४०० अश्वशक्ती, सिलिंडर फक्त ६. दोन्हींत सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची चाल सारखीच, नऊ इंच आणि साडेदहा इंच. पहिलं उत्तर येईल १६२, दुसरं २३३. म्हणजे ब्रँच लाइनच्या इंजिनाचा एकेक सिलिंडर मेन लाइनच्या भावंडापेक्षा कितीतरी जास्त राबत होता. मिनिटाला थोडे जास्त फेरे, टर्बोने कोंबलेली जास्त हवा आणि त्या हवेत जाळलेलं जास्त डिझेल, हे त्यामागचं गणित. पुढे मेन लाइनच्या इंजिनांतही हेच सोळा सिलिंडर ठेवून ताकद ३,१०० पर्यंत नेली, ती डब्ल्यूडीएम-३ए. तिचा भागाकार येतो १९४, म्हणजे तरीही कमीच.

अकोला-खांडवा मार्गाची मीटरगेज गेज-बदलासाठी २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. पण मुलाला हे इंजिन दाखवायचं असेल तर इंदूरजवळचं पातालपाणी आहे. पातालपाणी ते कालाकुंड अशी मीटरगेजची हेरिटेज गाडी डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि घाटात तिला ओढायला वायडीएम-४ च जोडलं गेलं. निघण्याआधी वेळापत्रक तेवढं पाहून घ्या. ते चढावर नॉच घेईल तेव्हा डोळे मिटून ऐका. तुमचं अकोला आणि त्याचं घोरपडी, दोन्ही त्या एकाच आवाजात सापडतील.