सूर्यप्रकाशापासून वीज : सौर पटलांचे कार्य आणि प्रकार

सूर्याच्या ऊर्जेचा उपयोग मनुष्य दोन वेगळ्या मार्गांनी करतो. परंतु नेहमीच्या बोलण्यात या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते. सूर्यचूल किंवा छपरावरील सौर बंब उन्हातील उष्णता गोळा करतो. वीज निर्माण करणारे सौर पटल, म्हणजेच ज्याला व्यवहारात सोलर पॅनेल म्हणतात ते, उष्णतेवर नव्हे तर प्रकाशावर चालते. इतकेच नव्हे, तर उष्णता त्याच्या कामात अडथळा आणते. भारतासारख्या उष्ण देशात पटल घेणाऱ्याने प्रथम ध्यानात ठेवावयाची गोष्ट ती हीच होय.

प्रकाशामुळे वीज उत्पन्न होऊ शकते, हे एडमंड बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास १८३९ मध्ये आढळून आले. परंतु व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट तयार होण्यास १९५४ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी बनविलेला तो घट आपल्यावर पडणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचेच विजेत रूपांतर करीत असे. तो फार महाग असल्याने आरंभी मुख्यतः अंतराळातच त्याचा उपयोग परवडला. १९५८ मधील व्हॅनगार्ड-१ या अमेरिकन उपग्रहावर आणि १९७५ मध्ये सोडलेल्या भारताच्या आर्यभट उपग्रहावरही सौर घट बसविलेले होते. पुढे साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या सरकारी उपक्रमाने १९७७ मध्ये सौर घट आणि १९७८ मध्ये सौर पटल तयार केले.

घटाचे कार्य समजण्यासाठी सिलिकॉनची रचना पाहिली पाहिजे. सिलिकॉनच्या अणूच्या बाह्य कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात व ते शेजारच्या अणूंशी बंध जुळविण्यात गुंतलेले असतात. फॉस्फरसच्या अणूत असे पाच इलेक्ट्रॉन असतात, तर बोरॉनच्या अणूत तीनच. सिलिकॉनच्या पातळ चकतीच्या एका बाजूस किंचित फॉस्फरस मिसळला, तर तेथे मोकळे इलेक्ट्रॉन शिल्लक राहतात. दुसऱ्या बाजूस बोरॉन मिसळला, तर तेथे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा निर्माण होतात. हे दोन भाग जेथे मिळतात, त्या सीमेवर एक विद्युत् क्षेत्र तयार होते. ते एकाच बाजूस उघडणाऱ्या दारासारखे काम करते. प्रकाशाच्या आघाताने बंधातून सुटलेला इलेक्ट्रॉन या क्षेत्रामुळे फॉस्फरसच्या बाजूस लोटला जातो आणि परत फिरू शकत नाही. दोन्ही बाजू तारेने जोडल्या की इलेक्ट्रॉन बाहेरच्या वाटेने परततात. हाच विद्युत् प्रवाह. या क्रियेत काही जळत नाही, काही फिरत नाही आणि सिलिकॉन खर्चही होत नाही.

एका घटापासून जेमतेम अर्ध्या व्होल्टचा दाब मिळतो. म्हणून अनेक घट एकापुढे एक जोडतात. ३६ घट जोडले असता सुमारे १८ व्होल्ट मिळतात व १२ व्होल्टची बॅटरी भरण्यास ते पुरतात. घरावरील मोठ्या पटलांत घटांची संख्या याहून बरीच अधिक असते. घटांवर कठीण काच, मागे संरक्षक थर आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट असते. पटलातून येणारी वीज एकदिश, म्हणजे डीसी असते. घरातील उपकरणांसाठी इन्व्हर्टर तिचे एसी विजेत रूपांतर करतो.

पडलेल्या सर्व प्रकाशाची वीज का होत नाही? प्रकाशाचे जे कण दुबळे असतात, ते इलेक्ट्रॉनला बंधातून सोडवू शकत नाहीत; जे अधिक जोरकस असतात, त्यांची जादा ऊर्जा उष्णतेत वाया जाते. एकाच पदार्थाच्या साध्या घटाची कार्यक्षमता या कारणाने एक-तृतीयांशाच्या आसपास सीमित राहते, असे शॉक्ली व क्वाइसर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले.

त्यातच घट तापला की त्याचा व्होल्ट-दाब उतरतो. पटलावर लिहिलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. उन्हाळ्याच्या दुपारी छपरावरील घट ६५ अंशांपर्यंत तापू शकतो. दर अंशामागे ०.४ टक्के घट धरली, तर ४० अंशांच्या वाढीने १६ टक्के वीज कमी होते. म्हणजे ४०० वॅटचे पटल तितक्याच उन्हात ३३६ वॅटच देते. राजस्थानातील भडला सौर उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॅट आहे. तेथे ऊन मुबलक असले, तरी उष्मा व उडणारी वाळू यांचा कर पटलांना भरावाच लागतो. उलट लडाखच्या थंड, निरभ्र हवेत तेच पटल अधिक चांगले काम करते.

पटलांचे मुख्य प्रकार तीन आहेत. वितळलेल्या सिलिकॉनमधून एकसंध स्फटिक ओढून त्याच्या चकत्या केल्या, तर एकस्फटिकी पटल बनते. ते काळसर दिसते. आजच्या पटलांची कार्यक्षमता २० टक्क्यांहून अधिक असल्याने जागा थोडी असेल तेथे ते सोयीचे पडते. सिलिकॉन साच्यात ओतून थिजविले, तर अनेक लहान स्फटिकांचे निळसर बहुस्फटिकी पटल मिळते. त्याची कार्यक्षमता साधारणतः १५ ते १७ टक्के असते. पूर्वी स्वस्ताईमुळे त्याचा प्रसार मोठा होता. परंतु एकस्फटिकी पटले स्वस्त झाल्यावर ते मागे पडले. तिसरा प्रकार पातळ थराचा. यात काचेवर प्रकाशग्राही पदार्थाचा अत्यंत पातळ लेप देतात. लहान गणकयंत्रांत दिसणारे अस्फटिकी सिलिकॉन याच वर्गातले. कॅडमियम टेल्युराइडच्या पटलांना उष्णतेचा उपद्रव स्फटिकी पटलांपेक्षा कमी होतो. मात्र कॅडमियम विषारी असल्याने जुन्या पटलांची विल्हेवाट काळजीपूर्वक लावावी लागते. पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थांचा थर सिलिकॉनवर चढवून प्रयोगशाळांत ३३ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता साधली गेली आहे. ओलावा व उष्णता यांपुढे त्यांचा टिकाव ही अजूनही मोठी अडचण आहे.

यावरून असे दिसेल की, केवळ वॅटचा आकडा पाहून केलेली निवड पुरेशी नाही. चांगले पटल २५ वर्षे वा त्याहून अधिक काळ चालावे अशी अपेक्षा असते. यास्तव आरंभीची चूक दीर्घकाळ भोवते. पटलाच्या माहितीपत्रकात दर अंशामागे होणारी घट नमूद केलेली असते. ती जितकी कमी, तितके पटल उष्ण प्रदेशास योग्य. पटल छपराला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतके उंच ठेवावे. घट एकापुढे एक जोडलेले असल्याने एका घटावर पडलेली झाडाची किंवा टाकीची सावली सबंध ओळीचा प्रवाह रोखू शकते. म्हणून जागा वर्षातील सर्व ऋतूंत पाहून ठरवावी. काचेवरील धूळ नियमितपणे, पण पटल थंड असताना सकाळी वा सायंकाळी पुसावी.