पोरी, आधी गवत ओळख

पोरी, अभ्यास प्रकल्पावर रुजू झालीस की पहिला पावसाळा वाघाच्या मागे लागू नकोस. खाली बघून चाल. पायाखालचं गवत कोणतं हे सांगता आलं, की त्या रानात कोण राहतं आणि कोण सोडून गेलं, यातलं निम्मं आपोआप कळतं. हरळी आणि मारवेल असली की चितळं टिकतात. कुसळी कोवळी असेतो चारा, कुसळं धरली की तोंडाला टोचते. तिखाडी माजली की ढोरंही तोंड फिरवतात. आम्ही वनखात्यात नोकरीला लागलो तेव्हा सगळ्याला मिळून 'गवत' एवढंच लिहायचो, कारण नमुन्याच्या कागदावर तेवढाच रकाना होता. पुढे अमरावतीकडचे गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारखी माणसं वनकर्मचाऱ्यांना एकेक जात हातात धरून शिकवू लागली. तुला ते शिक्षण सुरुवातीलाच मिळतंय, ते सोडू नकोस.

गवत ओळखायचं ते तुऱ्यावर असताना, म्हणजे भादवा-आश्विनात. मुळासकट उपट, वर्तमानपत्रात दाबून ठेव, आणि शास्त्रीय नावाच्या आधी तिथल्या ढोरक्यानं सांगितलेलं नाव लिही. कोणतं गवत ढोर आधी खातं आणि कोणतं उपाशी असल्यावरच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

नकाशावर मात्र सहज विश्वास ठेवू नकोस. आपल्याकडे गवताळ जागेची नोंद बहुतेक वेळा पडीक म्हणून होते, मग कुणीतरी तिथे खड्डे खणून रोपं लावतो आणि त्याला सुधारणा म्हणतो. विदर्भात तर 'झुडपी जंगल' हा महसुलाचा वेगळाच प्रकार आहे: मुरमाड जमीन, खुरटी झुडपं, मधे गवत, गावाची ढोरं चरायची जागा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ही झुडपी जंगलं वनजमीनच आहेत असा निकाल दिला. निकाल चांगला झाला. पण वन म्हटलं की झाडं लावायचीच, अशी घाई कुणी केली तर तिथे तूच उभी राहा. त्या मुरमावर साग जगणार नाही आणि तितर, ससा, काळवीट यांची जागा तेवढी जाईल. वरोरा-भद्रावतीकडच्या शेतशिवारात माळढोक दिसायचा, तो असल्याच उघड्या जमिनीच्या आधारानं. अकोला-वाशीमकडे 'संवेदना' या संस्थेनं फासेपारधी समाजाबरोबर तणमोरासाठी कुरणं राखली. तिथे एकदा जाऊन ये. ज्यांच्या हाती फासे होते तेच लोक आज गवत राखतात, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

आता तण. ताडोब्यातून नवेगाव, जामणीसारखी गावं उठली आणि त्या जागी कुरणं झाली, पण ती आपोआप झाली नाहीत. ढोरं गेली की रिकाम्या जागी पहिला येतो तरोटा. मृगात त्याची कोवळी भाजी आपण आवडीनं खातो, पण माजलेल्या तरोट्याला चितळ शिवत नाही, आणि त्याच्या सावलीत गवत धरत नाही. तो उपटायचा तो फुलावर असताना, जमीन ओली असताना, शेंग भरायच्या आत. कार्तिकात मजूर लावले तर ते बी झाडून पुढच्या वर्षीची पेरणीच करून येतील. निधी उशिरा आला म्हणून काम उशिरा, असं होऊ देऊ नकोस. साहेबाला जुलैतच आठवण कर, दोनदा कर. रानतुळशीचंही तेच. आणि एका वर्षात संपलं असं समजू नकोस, बी जमिनीत दबा धरून असतं. सलग तीन पावसाळे त्याच जागी परत जायचंच.

रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, गोष्ट वेगळी. ती वरून छाटली की चारपट फांद्या फोडते, आणि आमची कितीतरी वर्षं नुसत्या छाटणीत गेली. दिल्ली विद्यापीठाच्या सी. आर. बाबू यांनी दाखवलेली रीत साधी आहे: जमिनीखाली दोनेक इंचांवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. मग ते परत जीव धरत नाही. तिची फळं पाखरं खातात आणि मोठ्या झाडांवर बसून बी टाकतात, म्हणून पावसानंतर अशा झाडांखाली नवी रोपं शोधून उपट. मात्र एका दमात सगळी टेकडी उघडी करू नकोस. अस्वल, रानडुक्कर दिवसा त्याच झुडपात पडून असतात. पट्ट्यापट्ट्यानं काढ, आणि मोकळ्या पट्ट्यात जवळच्याच कुरणातलं मारवेल-पवन्याचं बी पुढच्या मृगात टाक. बाहेरून आणलेलं बी नको.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. जाळरेषा त्याआधी तयार हव्यात. आग लागते मोहफुलांसाठी, लागते तेंदूच्या नव्या पानासाठी, आणि म्हणून ती माणसाशी बोलूनच थांबते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला सामूहिक वनहक्क मिळाला, आणि त्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं: तोडणीत झाडं छाटली जातात, आगी लागतात आणि पाखरांची फळं जातात म्हणून. पैसा बांबूतून मिळवला. आमच्या खात्यानं कितीही फलक लावले असते तरी एवढं साधलं नसतं. आगीचा दुसरा वापरही आहे. अमेरिकेत उंच गवताची माळरानं, म्हणजे प्रेअरी, मूळच्या चार टक्क्यांहूनही कमी उरली. ती राखणारे मुद्दाम जाळतात, पण शहाणे असतात ते तुकड्या-तुकड्यांना पाळी लावतात. आपलं रान प्रेअरी नाही, जाळणं उसनं घेऊ नकोस. पाळी तेवढी घे. गवत कापायचं असेल तरी दरवर्षी काही भाग उभा सोड, त्याशिवाय लाव्याला आणि तितराला आडोसा राहत नाही.

मोजणीचं सांगतो. दोन किलोमीटरची रेषा सकाळी उजाडताच चालायची, प्राणी पहिल्यांदा दिसला तिथलं अंतर आणि कोन लगेच टिपायचा. परतीच्या वाटेवर दर ४०० मीटरला थांबून झाडोरा आणि लेंड्या. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते चौकीत बसून भरलं जातं. तू भरू नकोस. काही दिसलं नाही तर शून्य लिही. त्या शून्यावरूनच पुढे कळतं की कुरण बिघडलं कधी. आणि एकटी जाऊ नकोस. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. वाटेत जनावर बसलेलं दिसलं की आडवाटेनं पुढे जायचं नाही, मागे फिरायचं. रेषा उद्याही चालता येते. वरिष्ठ रागावले तर माझं नाव सांग.

पाण्याकडे हिवाळ्यात वळ. आपल्या गडचांदूरजवळचा अमलनाला धरण म्हणून बांधला, पण थंडीत तो पाखरांचा असतो. जानेवारीतली पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून चालू आहे, तिच्यात आपलं पाणी दरवर्षी असायला हवं. पट्टकदंब दिसले तर दुर्बिणीनं मान बघ. मंगोलियात मानेत पट्टा घातलेले नागपूरकडच्या तलावांवर दिसले आहेत. पक्षी मोजून झाले की काठ बघ. पाणी ओसरताना उघडा पडणारा चिखल हीच तुतवारांची थाळी. म्हणून बोडीचा किंवा माजी मालगुजारी (मामा) तलावाचा गाळ काढायची योजना आली की काठ उतरता ठेवायला लाव. उभ्या कडांच्या तलावात पाणी जास्त मावतं, पण पाखराला पाय टेकायला जागा उरत नाही. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर यांनी मासेमार ढिवर समाजाबरोबर तलाव सुधारण्याचं काम फार नेमकेपणानं केलं. आधी बेशरम हे तण काढलं, उन्हाळ्यात तळ नांगरला, पावसाच्या तोंडावर पाण्याखालच्या, तरंगत्या आणि काठच्या देशी वनस्पती लावल्या. देशी मासे वाढले, मागोमाग पक्षी आले. काठावर देवधान, म्हणजे रानभात, असेल तर त्याला हात लावू देऊ नकोस.

पुढेमागे गोंदियाकडे गेलीस तर सारस भेटेल, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात तो नावापुरताच राहिला. धानाच्या बांधीत घरटं सापडलं की आधी घरट्याकडे नाही, त्या वावरवाल्याच्या घरी जा. चहा घे, महिनाभर त्या कोपऱ्यात निंदण थांबवशील का असं विचार, आणि नुकसान झालं तर कागद कुठे द्यायचा तेही सांग. घरट्याची जागा वहीत लिही. फोटोवाल्यांनी विचारलं तर तालुका सांग, गट नंबर सांगू नकोस.