आय. टी. आय. झाले, पण हात बसला का?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा याविषयी लिहितो. या वेळी मुलांच्या तांत्रिक शिक्षणाविषयी लिहीत आहोत. त्याचाही संबंध शेवटी उसाच्या पाण्याशी येतोच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका सभासदाच्या विहिरीवर गेलो होतो. पंपाच्या ग्लँडमधून पाणी उडत होते आणि पाळी चुकल्याने खोडव्याची पाने सुकू लागली होती. तालुक्याचा मिस्त्री तीन दिवस झाले तरी फिरकला नव्हता. घरात मात्र फिटरचा दोन वर्षांचा कोर्स पास झालेला मुलगा होता. आम्ही विचारले, "का रे, तू का नाही बघत?" तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, ग्लँड पॅकिंगचं उत्तर पेपरात लिहिलंय, पण स्वतः कधी भरलं नाही." वडील गप्प राहिले. त्याच्या शिक्षणासाठी त्यांनी दुभती म्हैस विकली होती.

आम्ही मुलाला दोष देत नाही. एका यंत्राभोवती वीस मुले उभी राहिली, तर हात लावायला मिळतो दोघा-चौघांनाच. काठावर बसून पोहणे येत नाही, तसेच हे आहे. नोकरीच्या मुलाखतीतही हातात पाना दिला की मुले अडतात ती इथेच. यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

1) शिकाऊ उमेदवारी सोडू नये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने कामगारसंख्येच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराला दरमहा विद्यावेतनही मिळते. "पगार कमी" म्हणून पुष्कळ मुले ही संधी घालवतात. पण खरा हात बसतो तो याच काळात.

2) ऑफ सीझनचा उपयोग करावा. गळीत संपले की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर, पंप, व्हॉल्व्ह, कॅरियरच्या साखळ्या, सर्व खोलले जाते. यंत्राचे पोट पाहण्याची अशी संधी गळीत चालू असताना मिळत नाही.

3) घरच्या पंपावर सराव करावा. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व स्वतःच्या खिशात ठेवावेत. जुने पॅकिंग सगळे काढावे, त्यावरच नवे भरू नये. शाफ्टच्याच जाडीच्या दांडीवर दोरी गुंडाळून कड्या कापाव्यात. प्रत्येक कडीचा सांधा आधीच्या सांध्यापासून पाव फेरा पुढे ठेवावा. दोन्ही नट सारखे आवळावेत. पंप चालू असताना ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडले पाहिजे. अगदी कोरडा आवळला तर शाफ्ट तापून झिजतो.

बेअरिंगचा नंबर वाचायलाही शिकावे. 6305 मधील शेवटच्या 05 ला 5 ने गुणले की 25 मि.मी. हे आतल्या भोकाचे माप निघते. 04 पासून पुढच्या नेहमीच्या नंबरांना हा हिशेब लागू पडतो. मोटर नुसती घूं घूं करते व फिरत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबू नये. एखादा फेज गेलेला असण्याचा संभव असतो व मोटर जळते.

4) वही ठेवावी. कोणते यंत्र खोलले, बिघाड काय होता, माप किती आले, ते तारखेसह लिहावे. मुलाखतीत सर्टिफिकेटाबरोबर ही वहीही पुढे ठेवता येते.

पालकांनीही मार्क विचारावेत, पण त्याआधी "आज काय खोलून जोडलंस?" हे विचारावे.

त्या मुलाला आम्ही आमच्या वर्कशॉपमधील जुन्या फिटरकडे नेले. एक दिवस त्याने नुसते पाहिले, दुसऱ्या दिवशी स्वतः कड्या कापल्या. पहिल्या दोन वाया गेल्या. तिसऱ्या दिवशी घरचा पंप त्यानेच भरला व संध्याकाळी खोडव्याला पाणी मिळाले. आता त्याने शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज केला आहे.

ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी गट ऑफिसात नाव द्यावे. वर्कशॉपपर्यंत ते पोहोचवण्याचे काम आमचे.

— ऊस विकास अधिकारी