दुःखाच्या घरी भजनाला जाताना

चि. बाळ यास,


मंडळाची वीणा यंदा तुझ्या गळ्यात आली, हे कळून बरं वाटलं. पहिलंच भजन दुःखाच्या घरी करायचं आलं आणि ‘तिथं जाऊन बोलायचं काय?’ असं तू विचारलंस. काहीच बोलू नकोस. भजन त्यासाठीच असतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ विचारतो आणि घरच्यांना तीच हकीकत पुन्हा उगाळावी लागते. भजनात हे टळतं. तू चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा. एखाद्याचा गळा मध्येच दाटला तरी बाकीचे चाल सोडत नाहीत. सावरला की तो पुन्हा त्यांच्यात मिसळतो. कुणी वळूनही बघत नाही.

उपदेश मात्र आवर. देह नाशिवंत आहे, हे त्या घराला आज तुझ्याकडून ऐकायचं नाही. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. नामदेवरायांच्या समाधीच्या अभंगांत तो प्रसंग आहे. त्यात संत तर रडतातच, खुद्द पांडुरंगही व्याकूळ होतो. जन्मभर नाम घेतलेल्यांनीही शोक लपवला नाही. दर कार्तिक वद्य त्रयोदशीला नामदेवांच्या वंशातले नामदास महाराज आळंदीत त्याच प्रसंगावर कीर्तन करतात आणि सातशे वर्षांपूर्वीच्या त्या वियोगानं ऐकणाऱ्यांचे डोळे आजही भरून येतात. मग ज्या घरातून परवा माणूस गेला, त्यांना ‘रडू नका’ सांगणारे आपण कोण?

सुतकात देवपूजा थांबते, नाम थांबत नाही. कुणी शंका काढली तर एवढंच सांग. लाउडस्पीकर नको. पखवाज हलक्या हातानं वाजू दे. मंडळींचा चहा शेजाऱ्यांकडे सांगून ठेव. बायका माजघरात बसल्या असतील, त्यांना बाहेर बोलाव. गेलेल्याच्या बायकोलाही टाळ हवेत का, ते विचार. नको म्हणाली तर आग्रह करू नकोस.

तेराव्यापर्यंत घरात माणसांची वर्दळ असते. मग पाहुणे एसटी धरतात आणि घर एकदम रिकामं होतं. खरी गरज तेव्हा असते. म्हणून पुढच्या एकादशीला चौघं-पाच जण टाळ घेऊन त्याच ओसरीवर बसा आणि वर्षश्राद्धापर्यंत एकही एकादशी चुकवू नका.

तुझा,
मामा