बागायत जमिनीचा निचरा

नातेपुते परिसरात नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. भारी काळ्या जमिनीस मात्र अतिपाणी सोसत नाही. भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. उताराखालच्या रानात पांढरी फुले दिसू लागली, की दोष बहुधा वरच्या बागायतदाराच्या पाटात असतो. पण पीक जाते ते खालच्याचे, आणि रोजगार बुडतो तो त्या रानात खुरपणाऱ्या मजुराचा.

नीरा डाव्या कालव्यावर विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉक पद्धत सुरू केली, ती याच विचाराने. गटातील एक तृतीयांश क्षेत्रात ऊस, उरलेल्यात कमी पाण्याची पिके व दरवर्षी फेरपालट, अशी ती योजना होती. पाणी अनेक गावांत वाटले जाई व जमिनीस विसावा मिळे.

ज्यांची जमीन बिघडली आहे, त्यांनी प्रथम मातीची तपासणी करावी. खारवट जमिनीस चर व गोड्या पाण्याचा निचरा पुरतो. चोपण जमिनीस, म्हणजे सामू ८.५ च्या वर गेला असता, तपासणीप्रमाणे जिप्सम व नंतर धैंचा गाडणे अवश्य आहे. चर नसता जिप्समचा खर्च व्यर्थ होय. चर एकट्याच्या बांधावर थांबत नाही, तो ओढ्यापर्यंत न्यावा लागतो. म्हणून ग्रामपंचायत अधिकारी व सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी वरच्या-खालच्या खातेदारांना एकत्र बसवून चराची रेषा ठरवावी.